कडक डोहाळे : कारण बरेच उलगडले, औषधे जुनीच

पाळी चुकून आठ-पंधरा दिवस होतात न होतात तोच अनेकींना फोडणीचा वास नकोसा होतो. भाताच्या वाफेने पोटात ढवळते, चहाचा कप समोर आला की उमासे येतात, वर्षानुवर्षे वापरलेला अंगाचा साबण अचानक असह्य होतो. गरोदर बायकांपैकी दहातल्या सात-आठ जणींना मळमळ होते आणि सुमारे निम्म्या जणींना उलट्याही होतात. त्रास साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो, नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतो आणि सोळा ते वीस आठवड्यांत बहुतेकींचा ओसरतो. दहातल्या एक-दोघींचा त्यानंतरही चालू राहतो, काहींचा थेट बाळंतपणापर्यंत. तो सकाळीच होतो असेही नाही. कित्येकींची संध्याकाळ सर्वात वाईट जाते.

यातल्या बहुसंख्य बायका कशाबशा निभावून नेतात. प्रश्न उरतो तो शंभरातल्या एक ते तीन जणींचा, काही नोंदींनुसार त्याहून कमी जणींचा. त्यांच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही, वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरते, लघवी कमी आणि गडद होते, उठून बसायचे त्राण राहत नाही. वैद्यकात या टोकाला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम म्हणतात. आपल्याकडे घरात ‘डोहाळे कडक आहेत’ एवढ्यावर विषय मिटतो.

गेल्या पंचवीस वर्षांत या त्रासाच्या कारणाबद्दलचे ज्ञान जेवढे पुढे गेले तेवढे आधीच्या शंभर वर्षांत गेले नव्हते. उपचारांच्या बाबतीत मात्र दवाखान्यातली पहिली गोळी आजही १९५० च्या दशकातलीच आहे. ही तफावत का पडली, कोणत्या मुद्द्यांवर आता एकमत आहे आणि कुठे अजून वाद आहेत, त्याचा हा आढावा.

जुनी निदाने

त्रास जुना आहे आणि त्याच्या नोंदीही जुन्या. इफेससचा ग्रीक वैद्य सोरेनस याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहिले, की ही मळमळ गर्भधारणेच्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते आणि बहुधा चार महिने टिकते. आजच्या आकडेवारीशी हे इतके जुळते की त्याने किती बायका बारकाईने पाहिल्या असतील याचे कौतुक वाटते. सुश्रुतसंहितेत पहिल्या तीन महिन्यांसाठी मधुर, शीत आणि द्रव आहार सांगितला आहे. नंतरच्या आयुर्वेदीय ग्रंथांत गर्भिणीच्या उलटीसाठी धने वाटून तांदळाच्या धुवणातून साखरेबरोबर देण्याची कृती येते. घट्ट, तळकट काही न देता पातळ आणि थंड थोडे थोडे द्यावे, हा त्यातला विचार आजच्या आहारसल्ल्यापासून फार दूर नाही.

युरोपात एकोणिसाव्या शतकात या उलट्यांनी बायका दगावत असल्याची वर्णने वैद्यकीय चर्चेत ठळकपणे येऊ लागली. कादंबरीकार शार्लट ब्राँटे ३१ मार्च १८५५ रोजी वयाच्या ३८ व्या वर्षी गेली. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिला आहे. पण ती गरोदर होती आणि अखेरच्या काळातल्या सततच्या मळमळीची आणि ओकाऱ्यांची वर्णने पाहता, तिला हायपरएमेसिसने नेले असावे असे अनेक अभ्यासकांना वाटते. दाखला एक म्हणतो, वर्णने दुसरे. निकाल आता लागणार नाही. त्या काळच्या वैद्यांनी गर्भातून काही विष रक्तात मिसळते असा तर्क केला होता. तपशील चुकीचा असला तरी दिशा चुकीची नव्हती, हे पुढे दिसेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र वारे फिरले. मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली उलटी म्हणजे नको असलेल्या गर्भाला, किंवा नवऱ्याला, नकळत दिलेला नकार असे मानले जाऊ लागले. त्यावरून उपचारही निघाले. बाईला एकटे ठेवायचे, भेटायला येणाऱ्यांना बंदी, आणि काही रुग्णालयांत तर उलटीचे भांडेही द्यायचे नाही. तपासणीत ठोस काही सापडत नव्हते आणि रुग्णालयात हलवल्यावर काहींना बरे वाटायचे, एवढ्यावर ही समजूत टिकून होती. नंतरच्या अभ्यासांनी कार्यकारणाची बाजू उलटी करून दाखवली. आठवडेच्या आठवडे ओकणाऱ्या बाईला नैराश्य येते; नैराश्यामुळे ती ओकते असा पुरावा मिळत नाही. मानसिक ताणाने त्रास वाढू शकतो, एवढे आजही बहुतेक जण मान्य करतात.

या काळात खरा फरक पडला तो शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाईनमुळे. ब्रिटनमध्ये १९३१ ते १९४० या काळात दर दहा लाख प्रसूतींमागे १५९ मृत्यू या उलट्यांमुळे होत. १९५१ ते १९६० मध्ये तो आकडा तीनवर आला. कारण कुणालाच ठाऊक नव्हते. पाणी आणि क्षार वेळेवर मिळाले, एवढेच.

संप्रेरकांचा माग

मनाकडून शरीराकडे वळल्यावर पहिला संशय एचसीजीवर गेला. गरोदरपणाची पट्टी ज्या संप्रेरकामुळे दोन रेघा दाखवते, तेच हे. त्याची रक्तातली पातळी नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते, मळमळीचेही तसेच. जुळी असतील किंवा द्राक्षगर्भ असेल तर एचसीजी जास्त, उलट्याही जास्त. शिवाय एचसीजीची रचना थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकासारखी असल्यामुळे हायपरएमेसिसमध्ये थायरॉईडचे आकडे वर गेलेले दिसतात. ते बहुधा आपोआप खाली येतात, त्यासाठी थायरॉईडची औषधे लागत नाहीत. हे न समजल्याने अनेकींचा घोर वाढतो.

एवढे सगळे जुळूनही एचसीजीचे आरोपपत्र कधी पूर्ण झाले नाही. खूप उलट्या होणाऱ्या आणि अजिबात न होणाऱ्या बायकांच्या पातळ्यांमध्ये फरक कधी दिसे, कधी दिसत नसे. इस्ट्रोजेन, आतड्यांची चाल मंदावणारे प्रोजेस्टेरॉन, जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, यांच्यावरही बोट ठेवले गेले. प्रत्येकात थोडे तथ्य सापडले आणि एकानेही चित्र पूर्ण झाले नाही.

दुसरा धागा कुटुंबांतून आला. नॉर्वेच्या जन्मनोंदींवरून दिसले की आईला गरोदरपणात हायपरएमेसिस झाले असेल तर मुलीला ते होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. आजी-मावशांच्या गप्पांतले ‘हिच्या आईचेही असेच होते’ हे वाक्य आकड्यांत उतरले. त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली, तिचा उलगडा अजून झालेला नाही. भारत आणि श्रीलंकेत जन्मलेल्या, पण नॉर्वेत बाळंत झालेल्या बायकांमध्ये हायपरएमेसिसचे प्रमाण तिथे जन्मलेल्या बायकांपेक्षा बरेच जास्त होते. आहार, हवामान, जनुके की माहेरापासून दूर असताना रुग्णालयात लवकर जाणे? यापैकी काय, ते कुणी ठामपणे सांगत नाही.

जीडीएफ१५

कोड्याची मुख्य गाठ सोडवली ती स्वतः हायपरएमेसिस भोगलेल्या एका जनुकशास्त्रज्ञ बाईने. मार्लेना फेझो यांना १९९९ मध्ये इतका त्रास झाला की पंधराव्या आठवड्यात गर्भ गेला. २०१८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका खासगी जनुकचाचणी कंपनीच्या ग्राहकांपैकी पन्नास हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून जनुकांची झडती घेतली. एचसीजीच्या जनुकांजवळ काहीच सापडले नाही. सर्वात ठळक खूण मिळाली ती जीडीएफ१५ नावाच्या प्रथिनाच्या जनुकाशेजारी.

हे प्रथिन सगळ्यांच्याच शरीरात थोडेफार असते. पेशींवर ताण आला की ते वाढते. कर्करोगात भूक मरते आणि शरीर खंगते, त्यातही त्याचा हात असतो. त्याला ओळखणारा जीएफआरएएल हा ग्राही मेंदूच्या मागच्या भागात, उलटीच्या केंद्राजवळच असतो, हे २०१७ मध्ये एकाच सुमारास अनेक गटांनी दाखवले होते. आणि गरोदरपणात वार हे प्रथिन प्रचंड प्रमाणात तयार करते.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली यांच्या गटांचा शोधनिबंध आला. त्यातली एक युक्ती पाहण्यासारखी आहे. गरोदर बाईच्या रक्तातले जीडीएफ१५ तिचे स्वतःचे की बाळाचे, हे एरवी ओळखणार कसे? दोन्ही सारखेच दिसतात. या प्रथिनाच्या २०२ व्या जागी काही माणसांत एक अमिनो आम्ल वेगळे असते. आई आणि बाळ यांच्यात त्या जागी फरक असलेली गरोदरपणे त्यांनी निवडली आणि आईच्या रक्तातले रेणू वजनाच्या सूक्ष्म फरकावरून वेगळे केले. जवळजवळ सगळे प्रथिन बाळाच्या बाजूचे, म्हणजे वारेतून आलेले निघाले. एकोणिसाव्या शतकातल्या ‘गर्भातून येणाऱ्या विषा’ची आठवण यावी असाच निष्कर्ष, फक्त ते विष नाही.

नुसते प्रमाण जास्त म्हणून त्रास जास्त, असे मात्र नाही. गरोदर होण्याआधी ज्यांच्या रक्तात जीडीएफ१५ मुळातच कमी असते, त्यांच्या मेंदूला त्याची सवय नसते. मग वारेतून एकदम लोंढा आला की त्या कोसळतात. कधी मिरची न खाल्लेल्या माणसाला पहिल्याच घासाला कोल्हापुरी रस्सा वाढावा, तसे. याच्या पुष्टीला तीन गोष्टी उभ्या राहतात. हे प्रथिन कमी तयार करणारा एक दुर्मीळ जनुकबदल ज्या बायकांत असतो त्यांना हायपरएमेसिसचा धोका दहापटीहून जास्त असतो. उलट, बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायकांच्या रक्तात हे प्रथिन आयुष्यभर भरपूर असते आणि त्यांना गरोदरपणात मळमळ फारच कमी होते. आणि उंदरांना आधी थोडे थोडे जीडीएफ१५ देऊन सवय लावली, तर नंतरच्या मोठ्या मात्रेने त्यांचे खाणे तेवढे तुटत नाही. धूम्रपान करणाऱ्या बायकांना ही मळमळ कमी होते हे जुने, अडचणीचे निरीक्षणही यात बसते, कारण धुराने जीडीएफ१५ वाढते. त्यावरून कुणी विडी ओढायला घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

इतके असूनही सगळे काही सापडले असे म्हणता येत नाही. हाच जनुकबदल असूनही निभावणाऱ्या बायका आहेत आणि तो नसताना रुग्णालयात दाखल होणाऱ्या कितीतरी. इतर जनुके, एचसीजी, आतड्यांची मंदावलेली चाल यांचा वाटा किती, यावर काम चालू आहे.

उलटीचा काही उपयोग आहे का?

उत्क्रांतीचे अभ्यासक हाच प्रश्न वेगळ्या टोकाने विचारतात. एवढा सार्वत्रिक त्रास टिकला कसा? मार्गी प्रोफेट यांनी १९९२ मध्ये मांडले, की गर्भाचे अवयव घडत असताना विषारी पदार्थ पोटात जाऊ नयेत म्हणून ही मळमळ असते. सॅम्युअल फ्लॅक्समन आणि पॉल शेरमन यांनी २००० मध्ये हा विचार पुढे नेला. बायकांना सर्वाधिक तिटकारा मांस, मासे आणि अंड्यांचा येतो, म्हणजे शीतपेट्यांच्या आधीच्या काळात जंतू ज्यात हमखास असत अशा पदार्थांचा. ज्या थोड्या पारंपरिक समाजांत ही मळमळ नोंदलेली नाही, तिथे मुख्य अन्न मका किंवा इतर वनस्पती असते, असेही त्यांनी दाखवले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने, आधी एक-दोनदा गर्भपात झालेल्या बायकांमध्ये, मळमळ असणाऱ्यांचा गर्भ जाण्याचे प्रमाण ५० ते ७५ टक्क्यांनी कमी असल्याचे नोंदवले.

विरोधी मत असे, की मळमळ हे चांगल्या चाललेल्या वारेचे केवळ लक्षण असू शकते. वार जोमात, म्हणून संप्रेरके भरपूर, म्हणून मळमळ. संरक्षण वगैरे काही नाही. दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर मात्र जमते. हायपरएमेसिसला हा युक्तिवाद लागू नाही. पाणीही न ठरणे हे कुणाचेच संरक्षण करत नाही. ‘उलट्या होतात म्हणजे बाळ चांगले आहे’ हे वाक्य सौम्य त्रासात धीर देते. तेच आठवडाभर उपाशी असलेल्या बाईला ऐकवले तर तिला दवाखान्यात न्यायला उशीर होतो. मळमळ नाही म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. दहातल्या दोन-तीन जणींना ती होतच नाही आणि त्यांची बाळेही ठीक जन्मतात.

औषधांच्या भीतीचा इतिहास

पहिल्या तीन महिन्यांत गोळी घ्यायची म्हटले की आजही घरातले वडीलधारे बिचकतात, डॉक्टरही हात आखडता घेतात. ही भीती हवेतून आलेली नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आले. झोपेसाठी, आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठीही, ते निर्धोक म्हणून खपले. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक मुले खुंटलेल्या हातापायांनी जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी परवानगी अडवून धरली, म्हणून तिथली हानी मर्यादित राहिली.

दुसरी कथा कमी ठाऊक आहे, पण या विषयात तिचा परिणाम जास्त लांबला. १९५६ मध्ये अमेरिकेत बेंडेक्टिन ही गरोदरपणातल्या मळमळीवरची गोळी आली. त्यात डॉक्सिलामिन हे अ‍ॅलर्जीवरचे औषध, बी६ जीवनसत्त्व आणि डायसायक्लोमिन होते. १९७६ मध्ये डायसायक्लोमिन काढून टाकले. गंमत अशी, की अमेरिकेत थॅलिडोमाइड आणू पाहणारी कंपनी आणि बेंडेक्टिनची कंपनी एकच. तीन कोटींहून अधिक गरोदरपणांत ही गोळी वापरली गेली. मग जन्मदोषांवरून खटल्यांची रांग लागली आणि अभ्यास गोळीच्या बाजूने असतानाही १९८३ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढली. थॅलिडोमाइडविरुद्ध सर्वात आधी आवाज उठवणाऱ्यांपैकी ऑस्ट्रेलियाचे डॉ. विल्यम मॅकब्राइड या गोळीविरुद्धही उभे राहिले होते. १९९३ मध्ये त्यांनाच प्रयोगांच्या आकड्यांत फेरफार केल्याबद्दल वैज्ञानिक फसवणुकीत दोषी ठरवण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेंडेक्टिनच्याच एका खटल्यात न्यायालयात वैज्ञानिक पुरावा कशाला म्हणावे याचे निकष घालून दिले. ‘डॉबर्ट’ नावाने ते तिथल्या वकिलांना पाठ असतात.

गोळी गेल्यावर जन्मदोष कमी झाले नाहीत. उलट्यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. कॅनडात तेच मिश्रण दुसऱ्या नावाने चालूच राहिले आणि अमेरिकेत ते २०१३ मध्ये, तीस वर्षांनी, नव्या नावाने परत आले.

आज काय दिले जाते

आपल्याकडे हे मिश्रण औषधाच्या दुकानात ‘डॉक्सिनेट’ म्हणून ओळखीचे आहे. गोळी घेतली की झोप येते, म्हणून ती बहुधा रात्री सुरू करतात. बाळासाठी ती सुरक्षित आहे याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो ती किती उपयोगी, यावर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीच्या आधारे तिला अमेरिकेत परवानगी मिळाली, तिचे आकडे २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पुन्हा तपासले. खऱ्या आणि खोट्या गोळीतला फरक मळमळीच्या मापावर एका गुणापेक्षाही कमी होता. समर्थक म्हणतात, सौम्य त्रासात तेवढाही आराम मोलाचा आणि धोका नाही. टीकाकार म्हणतात, बहुतेकींना आठवडे सरल्यानेच बरे वाटते आणि श्रेय गोळीला जाते. माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ही गोळी सौम्य ते मध्यम त्रासाची आहे. ती लागू पडली नाही तर बाईच्या सहनशक्तीला बोल लावण्याऐवजी पुढचे औषध द्यायला हवे.

ते माप म्हणजे तीन साधे प्रश्न. गेल्या चोवीस तासांत मळमळ किती तास होती, उलट्या किती वेळा झाल्या, कोरडे उमासे किती वेळा आले? गुण तीन ते पंधरा. सहापर्यंत सौम्य, तेरा आणि वर तीव्र. कागदाच्या कपट्यावर मावणारे हे माप एखादी आशाताईही वापरू शकेल.

गोळीच्या आधी स्वयंपाकघर येते. दोन-दोन तासांनी थोडे खाणे, उठल्या उठल्या कोरडे काही तोंडात टाकणे, खाताना पाणी न पिता मधल्या वेळेत घोट घोट घेणे, हे सल्ले मुख्यतः अनुभवावर चालतात. साळीच्या लाह्या, आमसुलाचे सार, कोकणातली पेज, मोरावळा यांच्यावर कुणी मोठ्या चाचण्या केलेल्या नाहीत, पण जे पोटात ठरते ते खावे या नियमात ते बसतात. पुराव्यानिशी उभे राहणारे आले आहे. २००१ मधल्या थायलंडच्या चाचणीत दिवसाला एक ग्रॅम सुंठीने मळमळ कमी झाली, पुढच्या अभ्यासांतही सौम्य त्रासावर ते बऱ्यापैकी टिकले. मनगटापासून तीन बोटे वर दाब देण्याच्या उपायाबद्दल निष्कर्ष उलटसुलट आहेत. तीव्र त्रासात यातले काहीच पुरत नाही. ज्या बाईच्या पोटात पाणी ठरत नाही तिला आल्याचा तुकडा सुचवणे तिला चिडवल्यासारखे होते. आणखी एक साधी गोष्ट राहून जाते. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते. पहिल्या तीन महिन्यांत ती बाजूला ठेवून फक्त फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवता येते; आपल्या सरकारी कार्यक्रमातही लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासूनच आहे.

सध्याचा सर्वात जिवंत वाद ऑन्डान्सेट्रॉनचा. केमोथेरपीच्या उलट्यांसाठी आलेले हे औषध आपल्याकडे ‘एमसेट’ म्हणून घरोघर पोचले आहे. ते जुन्या गोळीपेक्षा जास्त प्रभावी असल्याचे छोट्या चाचण्यांत दिसले. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी हे त्याचे नेहमीचे उपद्रव. सुरक्षिततेचे काय? २०१३ मध्ये डेन्मार्कच्या सहा लाखांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदींत बाळाला अपाय दिसला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अठरा लाख गरोदरपणांच्या अभ्यासात हृदयाचे दोष वाढलेले आढळले नाहीत, मात्र दुभंगलेले ओठ किंवा टाळू यांची दर दहा हजार जन्मांमागे सुमारे तीन प्रकरणे जास्त दिसली. त्याच आकड्यांवरून २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने पहिल्या तिमाहीत ते वापरू नये असे सांगितले. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांना ते पटले नाही. दुसऱ्या फळीचे औषध म्हणून, धोका नीट समजावून, ते वापरावे अशी त्यांची भूमिका आहे. आकड्यांवर वाद नाही. दहा हजारांत तीन हा धोका उपाशी राहण्याच्या धोक्यापुढे कसा तोलायचा, यावर मतभेद आहेत, आणि तो तोल एका बाईपुरता एका डॉक्टरनेच साधायचा असतो.

मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोमेथाझिन ही मधल्या फळीतली जुनी औषधे. पहिल्याने कधी कधी मान-जबड्याचे स्नायू आखडतात, म्हणून ते सलग फार दिवस देत नाहीत. स्टेरॉइड शेवटचा उपाय. टाळूच्या दोषाच्या शंकेमुळे दहाव्या आठवड्यानंतरच.

सलाईनच्या बाटलीपाशी

दाखल झालेल्या बाईच्या बाबतीत दोन गोष्टी तपशिलाने सांगायला हव्यात. पहिली थायमिनची, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाची. दोन-तीन आठवडे पोटात काही ठरले नाही की शरीरातला बी१ चा साठा संपतो. अशा वेळी ‘अशक्तपणा आलाय, ग्लुकोज चढवा’ म्हणून थेट ग्लुकोजची बाटली लावली, तर ते पचवताना उरलेसुरले बी१ ही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होते. डोळ्यांना दोन दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. याला वर्निकी एन्सेफॅलोपथी म्हणतात आणि वेळ गेली तर ती इजा कायमची राहते. म्हणून आधी थायमिन, आणि बाटली शक्यतो मिठाच्या पाण्याची, पोटॅशियम तपासून. इंजेक्शन स्वस्त आहे. ते आठवणीने आधी देणे हीच अडचण.

दुसरी अ‍ॅसिटोनची. लघवीच्या पट्टीवर अ‍ॅसिटोन किती ‘प्लस’ यावर बाईला दाखल करायचे की घरी पाठवायचे हे ठरवण्याची पद्धत आजही रूढ आहे. अ‍ॅसिटोन आणि त्रासाची तीव्रता यांचा भरवशाचा संबंध नाही, असे आढळल्यावर ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा निकष सोडून दिला. पट्टी कोरी निघाली म्हणून बाई बरी असते असे नाही.

दर वेळी उलटीचे कारण गरोदरपणच असते असेही नाही. नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या, सोबत ताप, पोटात दुखणे किंवा डोळे पिवळे होणे असेल, तर दुसरे कारण शोधावे लागते. लघवीचा जंतुसंसर्ग, अपेंडिक्स, आणि आपल्याकडे विशेषतः पावसाळ्यातली हिपॅटायटिस ई ची कावीळ. गरोदरपणात ती जिवावर बेतू शकते.

अजून न सुटलेले

बाळावर परिणाम किती? सौम्य-मध्यम त्रासात नाही, यावर एकमत. हायपरएमेसिसमध्ये बाळाचे वजन कमी भरण्याचा आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो. मुलांच्या पुढच्या वाढीबद्दलचे निष्कर्ष विखुरलेले आहेत.

आईवर परिणाम किती, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. ब्रिटनमध्ये हायपरएमेसिस भोगलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांच्या २०२१ मधल्या पाहणीत जवळजवळ पाच टक्क्यांनी हवे असलेले गरोदरपण केवळ या त्रासापायी संपवले होते आणि निम्म्याहून अधिक जणींनी तसा विचार केला होता. पाहणीत स्वतःहून आलेल्या बायका बहुधा जास्त भोगलेल्या असणार, हे धरूनही आकडा छोटा नाही.

भारतात व्यवस्थेची जुळणी हा स्वतंत्र प्रश्न आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातली तपासणी दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांसाठी आहे. २६ आठवड्यांच्या पगारी प्रसूतिरजेपैकी प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठच आठवडे घेता येतात. उलट्यांचा कळस नवव्या-दहाव्या आठवड्यात. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी कायद्यात आणखी एक महिन्याची पगारी रजा आहे, पण ती मागणाऱ्या बायका विरळा. त्या आठवड्यांत गरोदर असल्याचे अजून कुणाला सांगितलेलेही नसते.

आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा होईल का? नॉर्वेच्या नोंदींत हे प्रमाण सुमारे १५ टक्के, रुग्णांच्या पाहणीत ८० च्या घरात. पहिल्या आकड्यात फक्त दाखल झालेल्या बायका मोजल्या जातात, दुसऱ्यात सर्वाधिक भोगलेल्या. खरे उत्तर मध्ये कुठेतरी असणार. लक्षणे सुरू होण्याआधीच गोळी चालू केली तर तीव्रता कमी होते, असे एका छोट्या चाचणीत दिसले आहे. जीडीएफ१५ ला किंवा त्याच्या ग्राहीला अडवणारी प्रतिपिंडे तयार आहेत, पण वार हे प्रथिन एवढे का बनवते हे माहीत नसताना ते पहिल्या तिमाहीत बंद पाडायला कुणी सहज धजावत नाही. उलटी वाट सवयीची आहे. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन जीडीएफ१५ वाढवते, तेव्हा ते गरोदर होण्याआधीच काही काळ घेऊन मेंदूला सवय लावता येईल का, हे आता तपासले जात आहे. मेटफॉर्मिनचा नेहमीचा उपद्रव मळमळ हाच आहे. शिवाय अशा चाचणीत बाईला दिवस जाण्याआधीच सामील करून घ्यावे लागते, आणि पहिल्या खेपेला ज्यांनी सर्वाधिक भोगले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी दुसऱ्या खेपेचा विचारच सोडून देतात.